निव्वळ वजन

भरलेली गाडी. मग रिकामी गाडी. उरेल तो माल.
एवढंच गणित लागतं इथे, सान पेद्रोकडच्या या सायलोवर,
आणि तेही काटाच करतो.
मी, ब्लासिदा, फक्त शिक्का मारते
आणि सोयाबीनच्या धुळीत शिंकते.

रात्री दोन ट्रकांच्या मध्ये
कधी वीस मिनिटं असतात, कधी दीड तास.
त्या फटीत मी हिमनद्या शिकले.
आयुष्यात बर्फ पाहिला तो तेरेरेच्या थर्मासमधला,
पण हिमनदी कशी सरकते, कुठे तडकते,
पोटात कसले दगड घेऊन जाते
ते मला विचारा.
फोन शाईच्या डबीला टेकवलेला.
वायफायचा पासवर्ड
धान्य तपासणाऱ्या पोराने कॅलेंडरमागे लिहून दिलेला.
हॉर्न वाजला की हजारो वर्षांचा बर्फ
मी अंगठ्याने थांबवते
आणि म्हणते, एकोणतीस टन आठशे, पुढे घ्या, पुढे घ्या.

हिमनद्यांनंतर संभाव्यता. अर्धी सोडली.
मग पतंगांची शरीररचना, कारण दिव्यावर ते रोज येतातच;
मग कुठल्याशा बुडालेल्या बंदराचे हिशेब,
मातीच्या पाटीवर कुणीतरी खरडलेले:
इतके घडे तेल, इतके फुटले.
त्या कारकुनाला मी ओळखते.
त्याच्याही नाकात धूळ असणार.

हे सगळं फुकट. दाखला हवा तर पैसे.
राहू दे, म्हटलं,
शिक्का माझ्याकडे आहे.

मार्चमध्ये, ऐन हंगामात, भाषाशास्त्राचा सहावा धडा.
चष्मेवाली बाई, मागे फळा, स्पॅनिश कुठल्या लांबच्या देशातलं.
म्हणाली, काही भाषांत ‘आम्ही’ दोन असतात.
एकात ऐकणारा आत. एकात ऐकणारा बाहेर.
आणि उदाहरण म्हणून लिहिलं:
न्यांदे. ओरे.

माझ्या हातातला पेला तसाच राहिला.
हे तर आमच्या चुलीपाशचं!
न्यांदे, म्हणजे आपण: ये, बस, रश्श्यात पाणी वाढवू.
ओरे, म्हणजे आम्ही: आमचं झालं, तू उशीर केलास.
आईने जन्मभर या दोन शब्दांनी
दार उघडलं आणि लावलं.
आणि शाळेत याच बोलीतलं एक वाक्य तोंडातून निसटलं म्हणून
मी मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकले होते,
दुसरी इयत्ता, मधली सुट्टी संपेपर्यंत.
डाव्या गुडघ्यावर खळगा आहे अजून, दाण्याएवढा.
आता तेच शब्द फळ्यावर, सुवाच्य,
खाली दोन-दोन रेघा.

मी धडा मागे नेला. पुन्हा नेला.
बाई दर वेळी तेच म्हणायची:
नोसोत्रोस आता पुढचं उदाहरण पाहू.
नोसोत्रोस. तिच्या भाषेत एकच शब्द,
दार उघडं की बंद, कळायला मार्ग नाही.
कोण कोण, बाई?
तुम्ही आणि समोरच्या बाकांवरची ती धुतल्या केसांची मुलं,
की मीसुद्धा?

हॉर्न. म्हातारा अनास्तासियो, बत्तीस टन.
खिडकीतून ओरडले,
आपल्या बोलीत ‘आम्ही’ दोन आहेत, ठाऊक आहे?
हो, मग? तो म्हणाला, एकात कसं भागणार?
आणि गाडी खाली करायला गेला.

पाऊण तासाने रिकामा परत आला, काट्यावर चढला.
वाटेत विचार केला असावा.
कोण म्हणालं हे?
एक बाई. फोनमधली.
तिला आपली बोली येते?
दोनच शब्द येतात.
त्याने पावती घडी घालून टोपीत खोचली.
तेच दोन ना? मग पुष्कळ झालं.